बिजागरी

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मी पाकिटं वाटायचे.
एकशे चौतीस पाकिटं, पांढरी, खिडकीवाली.
आत दोन योजना: एक महाग,
दुसरी त्याहून महाग.
"निवडा," मी म्हणायचे.
हा शब्द मला छापूनच आलेला असे.

टोलेडोत आमचा कारखाना, दारांच्या बिजागऱ्यांचा.
मालक ऑगस्ट ब्रेनेमन
नाताळच्या जेवणात उभे राहून दर वर्षी सांगत:
स्पर्धेनं माणसाला धार येते.
मग टाळ्या. मग हॅम.

व्हर्लिन स्टकी मागच्या टेबलावर.
एकोणीस वर्षं प्रेसवर,
डाव्या हाताची दोन नखं तिथेच कुठेतरी.
त्याच्या गॅरेजात एक बिजागरी होती, त्यानंच घडवलेली,
तेल न मागणारी.
आमच्याहून चाळीस सेंट स्वस्त पडली असती.
हिशेब मी पाहिला आहे, कागदी रुमालाच्या पाठीवर,
बेरीज बरोबर होती.

पण त्याचा मुलगा थॅड. त्याचं रक्त थांबत नाही.
गुडघा खरचटला की घर रात्रभर जागं.
फ्रिजमध्ये लोण्याशेजारी कुप्या,
महिन्याच्या कुप्या बापाच्या ट्रकहून महाग.
व्हर्लिननं जेवणाच्या सुट्टीत माझ्याच टेबलावरून
चार विमा कंपन्यांना फोन लावले.
तीन नाही म्हणाल्या.
चौथी म्हणाली, घेतो ना,
रक्त सोडून सगळं.

त्यानं फोन ठेवला, अगदी हळू,
जणू तोही कुणाचा तरी आहे.
"मिसेस रूपर्ट, इथले हप्ते कोण भरतं?"
कंपनी, मी म्हणाले.
"आणि कंपनी कुठून आणते?"

त्या संध्याकाळी मी दहा वर्षांची वही काढली.
मजुरी वाढली ती तासाला अकरा सेंट, नऊ सेंट,
एका वर्षी काहीच नाही.
हप्ता मात्र दर साल उड्या मारत वर.
हलवायाच्या घरावर तुळशीपत्र,
आणि हलवाईच ओळीत उभा राहून
थँक यू म्हणतोय.

ब्रेनेमन वाईट नव्हते, हेही लिहून ठेवते.
त्यांच्या वडिलांच्या काळात, युद्धात,
सरकारनं मजुरी गोठवली होती.
माणसं दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून वडिलांनी विमा दिला.
युद्ध संपलं, मजुरी सुटली,
माणसांच्या पायातली गाठ राहिली.
पुढे ती कुणालाच गाठ वाटेना.
बुटाचाच भाग वाटू लागली.

आमच्या चौकात टायरची तीन दुकानं.
एकानं रात्री पाटी बदलली
की सकाळी उरलेल्या दोन बदलत,
चौथ्या दिवशी फुकट कॉफीसुद्धा.
मी माझ्या गुडघ्यासाठी तीन इस्पितळांना विचारलं:
स्कॅनचे किती?
पहिली मुलगी म्हणाली, "कुठे काम करता?"
दुसरी म्हणाली, "कुठे काम करता?"
तिसऱ्या ठिकाणी मीच आधी सांगून टाकलं.
कुठे दुखतं, हे कुणी विचारलं नाही.
भावही नाही.

त्या वर्षीही व्हर्लिननं सही केली.
त्याहून महाग योजना, कुटुंबासह.
पेन परत देताना खिशातून रुमालात गुंडाळलेलं काही काढलं,
"तुमच्या दाराला लावतो. फार कुरकुरतं ते."
दहा मिनिटं गुडघ्यावर बसून लावली.
मी पैसे विचारले. तो हसला.
ती एकच विकली गेली असती तरी
ब्रेनेमनना धार आली असती.

आता मी निवृत्त आहे, तो प्रेसवर आहे,
थॅड वीस वर्षांचा होईल.
परवा केक घेऊन गेले होते तिथे.
माझ्या जुन्या खोलीचं दार अजून आवाज करत नाही.
आत कोण आलं, कोण उठून गेलं,
नव्या मुलीला
मान वर केल्याशिवाय कळत नाही.
आणि नोव्हेंबरात तिला वेळ नसतो.